एफटीआयआरच्या खोलीतलं कपाट

आमच्या विभागाला प्रोजेक्टर लागला की चिठ्ठी लिहायची. कागदाचा चतकोर घ्यायचा, वर 'प्रति, विभागप्रमुख, पदार्थविज्ञान', मग तारीख, तास, खोली क्रमांक आणि शेवटी 'वापर झाल्यावर सुस्थितीत परत करण्यात येईल'. हे शेवटचं वाक्य नसलं की फिजिक्सच्या लॅबमधले मामा चिठ्ठी परत पाठवायचे. "मॅडम, ती ओळ राहिली." मराठीची विभागप्रमुख झाल्यावर मी पहिली सही केली ती अशाच एका चिठ्ठीवर.

कॉलेज नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं, विद्यापीठ पुण्याचं. कला, वाणिज्य, विज्ञान या तिन्ही शाखा अनुदानित, आणि त्याच आवारात मागच्या बाजूला वाढत गेलेला विनाअनुदानित विभाग, म्हणजे बीबीए, बीसीए, बीसीएस. मुलं सगळ्यात जास्त बीएला. पण स्टाफ मीटिंगमध्ये हात वर करायची वेळ आली की केमिस्ट्रीचे अकरा आणि मराठीचे दोन. यात कुणाचं कारस्थान नाही. प्रात्यक्षिकाच्या बॅचमध्ये मुलं मोजकीच घेता येतात, म्हणून मुलं वाढली की बॅच वाढतात, बॅच वाढल्या की तास वाढतात, आणि सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास या हिशेबानं तासांवरून पदं ठरतात. आमच्या वर्गात ४० मुलं बसली काय आणि १२० बसली काय, तास तेवढाच. उत्तरपत्रिका मात्र १२० तपासायच्या.

पैशांचंही तसंच. विज्ञानाच्या विभागांना केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची (डीएसटी) फिस्ट ही अनुदान योजना आहे, जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) स्टार कॉलेज योजना आहे. त्यात भाषेच्या विभागाला जागाच नाही. आमच्या वाट्याला २७ फेब्रुवारीचा पाहुणा, त्याचं मानधन, शाल आणि नारळ. बाकी वार्षिकांक मराठीनं काढायचा, स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन मराठीनं करायचं, निमंत्रणपत्रिका मराठीनं तपासायची आणि संस्थेतलं कुणी गेलं की शोकसभेचा ठराव मराठीनं लिहायचा. या शेवटच्या कामात माझा हात इतका बसला होता की दूधसंघाचा ठरावसुद्धा एकदा माझ्याकडून लिहून नेला होता.

तर २०१७च्या जानेवारीत प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर रुसाची फाइल. रुसा, म्हणजे राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान, २०१३ साली सुरू झालं, पैसा केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४०. आता त्याचंच पीएम-उषा झालंय. आमच्या कॉलेजला पायाभूत सुविधांसाठी २ कोटी मंजूर झाले होते. त्यातले ७० लाख नव्या बांधकामाला, ७० लाख दुरुस्तीला आणि ६० लाख साधनसामग्रीला. बांधकामाचं संस्था बघणार होती. साधनसामग्रीच्या खरेदी समितीचं निमंत्रक कुणाला करायचं, यावर महिनाभर घोळ चालला होता. फिजिक्सला केमिस्ट्री चालेना, केमिस्ट्रीला फिजिक्स चालेना, आणि कॉमर्सचं नाव निघालं की दोघांचंही एकमत व्हायचं.

"मॅडम, तुम्ही घ्या," प्राचार्य म्हणाले.

"सर, मला मशिनीतलं काही कळत नाही."

"म्हणून तर तुम्ही."

मी हो म्हटलं. का म्हटलं हे प्रामाणिकपणे सांगायचं तर थोडा मोह होता. वीस वर्षं चिठ्ठ्या लिहिल्यावर एकदा चिठ्ठ्या घेणाऱ्या खुर्चीत बसावंसं वाटलं.

पुढच्या पंधरा दिवसांत मागण्या आल्या. बेरीज केली तर १ कोटी ९२ लाख. केमिस्ट्रीला एफटीआयआर, म्हणजे नमुन्यातून अवरक्त किरण सोडून त्यात काय आहे त्याचा आलेख काढणारं यंत्र, हवं होतं, फिजिक्सला पातळ थर चढवण्याचं युनिट, झूलॉजीला सूक्ष्मदर्शकं, बॉटनीला ऑटोक्लेव्ह, भूगोलाला जीपीएसचा संच, कॉमर्सला ४० कॉम्प्युटर, ग्रंथालयाला नवी प्रणाली आणि जिमखान्याला मल्टिजिम. जिमखान्याच्या सरांनी मागणीपत्राला मल्टिजिमचं कॅटलॉगच टाचून दिलं होतं, आणि त्यातल्या दंडाच्या मशीनवर पेनानं गोल केला होता.

मराठीची मागणी मी सगळ्यात शेवटी लिहिली. आमच्या गावातल्या दोन जुन्या वाड्यांतून विभागाकडे मोडी कागदांचे अकरा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली बासनं, आले होते. वाडे पाडायचे ठरले तेव्हा घरच्यांनी आणून दिलेले. त्यातच पांडवप्रतापाची एक हस्तलिखित पोथी, कडा उंदरांनी खाल्लेली. शिवाय एमएच्या मुली आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर टिपून आणायच्या, त्यात ओवीपेक्षा कोंबड्यांचाच आवाज जास्त. म्हणून मी पुस्तकं पालथी न घालता वरून छायाचित्र घेणारा एक स्कॅनर, एक चांगला ध्वनिमुद्रक आणि एक कॉम्प्युटर मागितला. एकूण १ लाख ९० हजार.

समितीत ही मागणी वाचली गेली तेव्हा फिजिक्सचे सर हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवते. त्यांनी फक्त विचारलं, "मराठीला यंत्र कशाला?" प्रश्नात खवचटपणा नव्हता, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. ग्रंथपाल म्हणाल्या की स्कॅनर घ्यायचाच तर तो ग्रंथालयाच्या नावावर हवा. मी दुसऱ्या दिवशी एक रुमाल घेऊन आले आणि टेबलावर सोडला. तपकिरी कागद, बोरूची धावती रेघ. कुणालाच वाचता येईना. मलाही अडखळतच येत होतं. पण जुना कागद टेबलावर आला की माणसं बोलायची थांबतात. मागणी यादीत राहिली.

मग सुरू झाली ती काटछाट. या तीन आठवड्यांत मला आमचं कॉलेज जेवढं कळलं तेवढं आधीच्या वीस वर्षांत कळलं नव्हतं. आधी मला वाटायचं की ज्याची प्राचार्यांपाशी ऊठबस त्याला पैसे. ते थोडं खरंही आहे. पण जास्त चालतं ते असं: ज्याच्याकडे आधी काहीतरी आहे त्याला त्या गोष्टीच्या नावानं पुढचं मागता येतं. केमिस्ट्रीकडे एमएस्सी होती, म्हणून संशोधन केंद्र मिळालं होतं. संशोधन केंद्र होतं म्हणून एफटीआयआर हवा. एफटीआयआर आला की पेपर छापून येतील, पेपर आले की कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तिसऱ्या, म्हणजे संशोधनाच्या, निकषात गुण, आणि गुण आले की पुढची योजना. ही साखळी सरांनी फळ्यावर काढूनच दाखवली. मराठीच्या साखळीत पहिली कडीच नव्हती.

आणि सरांची बाजू खोटी नव्हती. त्यांची एमएस्सीची मुलं नमुन्याच्या बाटल्या डब्यात घालून पहाटेच्या एसटीनं पुण्याला जायची, दर नमुन्याचे पैसे भरायची आणि आलेख घेऊन रात्री परत यायची. कधी नुसतं 'पुढच्या आठवड्यात या' ऐकून परत यायची. एका मुलीचे पैसे सरांनी स्वतःच्या खिशातून भरले होते, हे मला त्यांच्या लॅब असिस्टंटनं सांगितलं, त्यांनी नाही. एफटीआयआरला मी विरोध केला नाही. उलट समितीत पहिला होकार माझाच.

दरपत्रकांच्या वेळी मात्र माझी एक विद्या कामी आली. त्या वेळी ३ लाखांच्या वरच्या खरेदीला ई-निविदा लागायची, त्याखाली तीन दरपत्रकं आणि तुलनात्मक तक्ता. साहजिकच सगळ्यांना आपली खरेदी तीनच्या आत बसवायची होती. "मॅडम, कॉम्प्युटर दहा-दहाच्या चार ऑर्डरमध्ये घेऊ," असं मला तिघांनी तीन वेगवेगळ्या दिवशी सुचवलं. हेडक्लार्क भाऊसाहेबांनी कानात सांगितलं, "असे तुकडे पाडले की ऑडिटला आपले तुकडे पडतात." मी निविदा काढायला लावली आणि कॉमर्सचे सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

छोट्या खरेदीत एका विभागाची तीन दरपत्रकं आली. तीन पेढ्या, तीन लेटरहेड, तीन गावं. पण तिन्हींत 'वॉरंटी'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक आर कमी, आणि तिन्हींत शेवटच्या ओळीत पूर्णविरामाच्या आधी एक जागा सुटलेली. अठरा वर्षं वार्षिकांकाची मुद्रितं तपासलेली बाई मी. रकमेकडे माझं लक्षच गेलं नाही, आधी ती रिकामी जागा दिसली. संबंधित सरांना मी बोलावलं आणि तिन्ही कागद शेजारी ठेवले. ते म्हणाले, "मॅडम, सगळीकडे असंच असतं." असेल. पण तो पुरवठादार त्यानं पाठवलेले तिन्ही कागद घेऊन गेला आणि आम्ही नाशिकहून नवी दरपत्रकं मागवली. सूक्ष्मदर्शकं प्रत्येकी साडेतीन हजारांनी स्वस्त पडली. त्या सरांनी पुढं कार्यक्रमात मला कधी 'विदुषी' म्हटलं नाही. आधी म्हणायचे.

हे सगळं जुळत आलं आणि १ जुलै उजाडला. जीएसटी लागू झाला. व्हॅट धरून आलेली सगळी दरपत्रकं कागदाच्या किमतीची झाली. पुन्हा मागवली. नव्या आकड्यांची बेरीज ६० लाखांच्या वर दीड लाख गेली. दीड लाख कुठून तरी काढायचे होते. एफटीआयआर १७ लाखांचा, पण तो अर्धा घेता येत नाही. कॉम्प्युटर ४०चे ३६ करा म्हटलं तर बॅचचं गणित मोडतं. फिजिक्सच्या युनिटचा पंप वगळला तर युनिट चालत नाही. सगळ्यांच्या नजरा यादीत खाली खाली सरकत आल्या आणि १ लाख ९० हजारांवर थांबल्या. कुणी काही बोललं नाही. निमंत्रक मी. दुसऱ्याची मागणी मी कापली असती तर 'स्वतःची ठेवली' असं झालं असतं. स्कॅनर आणि कॉम्प्युटर मी माझ्या हातानं खोडले. २२ हजारांचा ध्वनिमुद्रक राहिला. वरचे थोडे उरले ते जिमखान्याला गेले. दंडाची मशीन आली.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला निमंत्रक का केलं ते आता कळलं का?" मी त्या रात्री त्याच्याशी फारसं बोलले नाही, कारण मलाही तोच संशय आला होता.

खरी गंमत पुढं आहे. कंपनीचा इंजिनिअर जागा बघायला आला. एफटीआयआरमध्ये पोटॅशियम ब्रोमाइडचे भाग असतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे खोलीत एसी हवा, आर्द्रता कमी करणारं यंत्र हवं, खिडकी बंद हवी. आणि केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेजवळ ठेवायचं नाही, कारण तिथं ॲसिडच्या वाफा. इंजिनिअर खिशात आर्द्रतामापक घेऊन आवारभर फिरला. भूगोलाच्या खोलीत ओल. फिजिक्सची अंधारखोली मोकळी करायला फिजिक्स तयार नाही. जिन्याखाली धूळ. आणि मग तो तळमजल्यावरच्या एका उत्तरेकडच्या खोलीत आला, दोन मिनिटं थांबला आणि म्हणाला, "ही बेस्ट."

ती मराठी विभागाची खोली होती.

महाविद्यालय विकास समितीत ठराव आला. मसुदा लिहायला माझ्याकडेच पाठवला, कारण ठराव मराठी विभाग लिहितो. 'संशोधनाची निकड लक्षात घेऊन खोली क्र. ७ येथील मराठी विभागाचे तिसऱ्या मजल्यावरील खोली क्र. ३१ मध्ये स्थलांतर करण्यात यावे.' सूचक केमिस्ट्री, अनुमोदक फिजिक्स. कॉमर्सचा विरोध सोडला तर त्या दोघांचं कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा एकमत झालं असावं. मी 'करण्यात यावे'च्या जागी 'करावे' असं सुटसुटीत केलं, बाकी काही बदललं नाही.

विजेचा प्रश्न त्याच बैठकीत निघाला. रुसा यंत्राचे पैसे देतं, ते चालवायचे देत नाही. एसी आणि ओलावा शोषणारं यंत्र चोवीस तास चालणार, वर्षाकाठी देखभालीचा करार, ते कुठून? वेतनेतर अनुदानाची अवस्था सगळ्यांना माहीत. सगळ्यांनी बीसीएसच्या समन्वयकांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे आमच्या पोरांच्या फीतून." आमच्या कॉलेजातलं हे सगळ्यात न बोललेलं सत्य होतं. विनाअनुदानित विभागातल्या शिक्षकांना पगार आमच्या निम्म्याहून कमी, काही तर तासिका तत्त्वावर, स्टाफ रूममध्ये ते वेगळ्या टेबलावर बसायचे. पण जनरेटर त्यांच्या फीवर, वॉचमन त्यांच्या फीवर, नॅकच्या वेळचा रंगही त्यांच्या फीवर. त्या दिवशी त्यांनी मोबदला मागितला: रुसातून आलेली कॉम्प्युटर लॅब दुपारी दोननंतर बीसीएसला. कॉम्प्युटर डेड स्टॉकला, म्हणजे मालमत्तेच्या नोंदवहीत, अनुदानित विभागाचे आणि समोर बसलेली मुलं विनाअनुदानित. नियमाच्या पुस्तकात हे नेमकं कुठं बसतं ते मी कुणाला विचारलं नाही. सकाळी कॉमर्सची मुलं, दुपारी बीसीएसची, खुर्च्या कधी थंड पडल्या नाहीत, एवढं मी पाहिलं.

खोली रिकामी करायला दोन दिवस लागले. चौदाशे पुस्तकं मुलींनी साखळी करून तिसऱ्या मजल्यावर नेली. टेबलं गेली, फळा गेला, कुसुमाग्रजांचा फोटो गेला. राहिलं ते सागवानी कपाट. कॉलेज सुरू झालं तेव्हा गावातल्या एका व्यापाऱ्यानं दिलेलं, सात फूट उंच, वर महिरप. ती खोली पूर्वी एका मोठ्या हॉलचा भाग होती. मधली भिंत आणि दार नंतर झालं, कपाट आतच राहिलेलं. दारातून ते आडवं निघेना, उभं निघेना, तिरकं करताना महिरपीनं चौकटीचा टवका काढला. सुतार म्हणाला, उकलावं लागेल. संस्थेचे सचिव म्हणाले, देणगीदाराचं नाव आहे त्यावर, हात लावायचा नाही. केमिस्ट्रीच्या सरांनी इंजिनिअरला फोन लावला. इंजिनिअर म्हणाला, यंत्रापासून लांब, समोरच्या भिंतीला असेल तर चालेल, पण धूळ नको.

असं ते कपाट तिथंच राहिलं, पुस्तकांसकट. एका भिंतीला एफटीआयआर, दुसऱ्या भिंतीला शब्दकोश आणि संतवाङ्मय. एक किल्ली त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

मार्चअखेर हिशेबाची धावपळ झाली, ती थोडक्यात सांगते. पैसे पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरून द्यायचे, त्यात एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं मंजूर करायची, आणि दोघांपैकी एकाचा पासवर्ड नेहमी बंद पडलेला. प्रत्येक यंत्राचा फोटो इस्रोच्या भुवन या नकाशाच्या ॲपवर ठिकाणासह चढवायचा. खोली क्र. ७ मध्ये रेंज येईना, म्हणून भाऊसाहेब दारात उभं राहून एक हात आत घालून फोटो काढायचे. अनुदानावर बँकेत साडेअकरा हजार व्याज जमलं होतं. मला आपलं वाटलं, त्यात निदान कॉम्प्युटरचा मॉनिटर तरी येईल. भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, व्याजही सरकारचं." उपयोगिता प्रमाणपत्र, नमुना १२-ए, सीएची सही, प्राचार्यांची सही. यंत्रांवर तांबड्या ऑइलपेंटनं डेड स्टॉकचे नंबर पडले. माझ्या ध्वनिमुद्रकावर नंबर लिहायला जागा पुरेना, तेव्हा मामांनी तो त्याच्या चामड्याच्या पाकिटावर घातला.

जून आला. आमच्याकडचा पाऊस काही इगतपुरीसारखा नाही, पण खोली क्र. ३१ गच्चीखाली होती. दुरुस्तीचे ७० लाख मुलींच्या स्वच्छतागृहावर आणि वाचनकक्षावर गेले होते, आणि ते योग्यच होतं. गच्ची पुढच्या टप्प्यात होती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भिंतीवर आधी एक तपकिरी नकाशा उमटला, मग त्याला कोकण जोडलं गेलं. एके सकाळी मी रुमाल सोडला तर कापडावर आतून पांढरी, मऊ बुरशी. कागदांच्या कडा एकमेकांना चिकटलेल्या. सुटे करताना एका पत्राचा मायना माझ्या बोटाला लागून आला. मी ते बोट कितीतरी वेळ तसंच धरून उभी होते.

त्याच दुपारी शब्दकोश काढायला खोली क्र. ७ मध्ये गेले. चपला बाहेर काढायच्या, दार पटकन लावून घ्यायचं. आत थंडगार. कपाटातून मोल्सवर्थ काढला आणि पान उलटलं, तर ते टणकन वाजलं. पावसाळ्यात आमच्या पुस्तकांची पानं कधी वाजत नाहीत, ती लोळतात. भिंतीवरच्या मापकावर आर्द्रता ४६. बाहेरच्या व्हरांड्यात ९०च्या घरात असणार.

केमिस्ट्रीचे सर यंत्रापुढे बसले होते. त्यांना मी सांगितलं, वर काय झालंय ते. मला वाटलं होतं ते नियमावर बोट ठेवतील, कारण ते नियमावर बोट ठेवणारेच गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. "धूळ आणि कीड नको. बाकी आणा."

"डांबराच्या गोळ्या घालून ठेवते."

"छे, छे! त्यांची वाफ माझ्या आलेखात दिसेल."

मग वेखंड ठरलं. माझी आजी पुस्तकांत आणि शालूत वेखंडच ठेवायची. सरांनी वेखंडाचा एक तुकडा हातात घेतला, हुंगला, आणि एमएस्सीच्या एका मुलाला म्हणाले, "याची पूड करून गोळी पाड रे, बघू काय दिसतं." संध्याकाळी माझ्या हातात वेखंडाचा आलेख होता, खालीवर जाणारी निळी रेघ. मला त्यातलं काही कळलं नाही, आणि सरांना रुमालातलं काही कळत नव्हतं. मी तो आलेख पोथीबरोबर ठेवून दिला.

रुमाल ओसरीत मऊ ब्रशनं झाडून, वाऱ्यावर सुकवून, चार दिवसांत खाली आले. त्यासाठी कपाटातलं संतवाङ्मय वर गेलं. ज्ञानेश्वरीच्या आज बाजारात हव्या तेवढ्या प्रती मिळतात, त्या वाड्याच्या वसुलीचा कागद एकच.

दिवाळीच्या सुट्टीत कार्यालयातून पत्रक निघालं की सर्व विभागांनी विद्युत उपकरणं बंद करावीत. बीसीएसच्या समन्वयकांचा आग्रह होता, आणि बिल बघितल्यावर मला त्यांना दोष देता येईना. केमिस्ट्रीचं म्हणणं, यंत्राच्या आत सिलिका जेल आहे, पंधरा दिवस निघतील. एरवी ते वाद घालत बसले नसते. पण या वेळी ते माझ्याकडे आले. "तुमच्या कागदांचं काय?" आम्ही दोघं मिळून बीसीएसच्या विभागात गेलो. वेगळ्या टेबलावर मी पहिल्यांदाच बसले. चहा झाला. ठरलं ते असं की एसी बंद, ओलावा शोषणारं यंत्र चालू, पण कुणीतरी रोज येऊन त्याची पाण्याची टाकी रिकामी करायची आणि नोंद ठेवायची. एक दिवस केमिस्ट्री, एक दिवस मराठी. बदल्यात बीसीएसच्या वेबसाइटवरचा मराठी मजकूर मी तपासून द्यायचा. तो मी दिला. 'विद्यार्थी'तला र्थी ऱ्हस्व होता.

लॉगबुक अजून त्या टेबलावर आहे. दिनांक, वेळ, तापमान, आर्द्रता, सही, असे रकाने आहेत. भाऊबीजेच्या दिवशी पाळी माझी होती. भाऊ जेवायला यायचा होता म्हणून घाईघाईत गेले, कुलूप उघडलं, टाकीतलं पाणी मोरीत ओतलं, पिशव्यांमधली सिलिका निळी आहे का गुलाबी झाली ते पाहिलं. निळी होती. कपाट उघडून सगळ्यात वरच्या रुमालावरून हात फिरवला, कोरडा. मग लॉगबुक ओढलं. आदल्या दिवशीच्या ओळीवर सरांचं बारीक, तिरकं अक्षर होतं, 'सकाळी १०.०५, २७ अंश, ४४, केमिस्ट्री', आणि शेऱ्याच्या रकान्यात 'पोथी पाहिली, ठीक.' त्याखाली मी लिहिलं: 'सकाळी १०.२०, २७ अंश, ४५, मराठी. यंत्र पाहिले, ठीक.'